वावटळीची आयाळ

कुरिअरच्या खिडकीपाशी तिच्या पुढे उभा असलेला माणूस आपले पुडके उघडायला तयार नव्हता, आणि खिडकीतला कारकून ते उघडून पाहिल्याशिवाय द्यायला तयार नव्हता. पुडक्याला वास येतो, हे कारकुनाचे म्हणणे. येणारच, घोड्याचा आहे, हे त्या माणसाचे म्हणणे. बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या छत्र्यांची दाटी, आणि मागची रांग एव्हाना मुद्दाम खोकू लागलेली. अखेर त्याने सुस्कारा टाकून दोरी सोडली, कागद उलगडला — आणि दोन हात लांब, पांढऱ्याशुभ्र केसांचा घट्ट झुबका फळीवर पसरला.

तिचा दिवस पांढऱ्या रंगातच जात असे. कृत्रिम दात घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. पिवळट पांढरा, निळसर पांढरा, चहा पिणाऱ्याचा पांढरा आणि चहा सोडला असे डॉक्टरांना खोटेच सांगणाऱ्याचा पांढरा, या सगळ्या छटा ती एका नजरेत ओळखत असे. हा पांढरा मात्र तिने कधी पाहिला नव्हता. तिचा हात तिच्या शिष्टाचाराच्या आधी पुढे गेला, आणि त्या परक्या माणसाच्या केसांतून तिची बोटे फिरू लागली.

“ब्लीच केलेला नाही हा,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “जन्माचाच पांढरा आहे.”

त्या माणसाने आधी तिच्या हाताकडे पाहिले, मग तिच्याकडे. तक्रार करावी की दाद द्यावी, हे त्याचे ठरत नव्हते.

“केस कुणाचे ते बाहेर जाऊन ठरवा,” कारकून म्हणाला. “खिडकी मोकळी करा.”

बाहेर छपराच्या वळचणीला दोघे उभे राहिले. एकाच छत्रीत जाण्याइतकी ओळख नव्हती, आणि आपापल्या वाटेने निघून जाण्याइतका पाऊस कमी नव्हता. तो व्हायोलिनचे गज दुरुस्त करतो, असे त्याने सांगितले. गजाचे केस झिजले की तो जुने काढून नवे बांधतो. हे केस त्यासाठी. तिला केसांची एवढी पारख कशी, असे त्याने विचारले तेव्हा ती क्षणभर अडखळली. या प्रश्नाचे उत्तर दिले की लोकांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येते, हे तिला सवयीने ठाऊक होते.

“मीही केस बांधते,” ती म्हणाली. “घोड्यांना.”

तो हसला नाही. “किती मोठ्या?” एवढेच त्याने विचारले.

तिने तळहात पुढे करून दाखवला... आणि का कोण जाणे, तो हात मागे घ्यायला तिला थोडा उशीरच झाला.

*

घोडे खेळण्यातले होते. जुन्या बाजारात, तुटक्या बाहुल्या आणि चाके गेलेल्या मोटारी यांच्या ढिगातून ती ते शोधून आणत असे: गुलाबी, जांभळे, कुणा पोराने कान चावलेले, कुणी शेपूट उपटलेले. घरी आणून गरम पाण्यात धरले की मऊ प्लास्टिकची मान सैल होई आणि डोके अलगद निघे. मग जुने केस उपटायचे, कारखान्याचा रंग पुसायचा, आणि उरलेल्या उघड्याबोडक्या जिवाकडे चार दिवस नुसते पाहत बसायचे. हा कोण आहे, हे त्यानेच सांगावे लागते, असे ती म्हणे. कुणी ओझ्याचा घोडा निघे, कुणी शर्यतीतून काढून टाकलेला, कुणी नुसताच हट्टी. मग लुकणाच्या लगद्याने पोटऱ्या भरायच्या, केसाएवढ्या ब्रशाने डोळे रंगवायचे, आणि मानेवरच्या एकेका भोकातून सुईने आयाळ ओवायची.

घरी याला ‘तिचा खेळ’ म्हणत. वहिनी निदान हसून म्हणायची. बाबा हसतही नसत. त्यांनी आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले होते. ज्यावरून काही जात नाही अशी वस्तू त्यांच्या हिशेबी वस्तूच नव्हती. पोरीचा हात चांगला आहे, नको तिथे वाया घालवते आहे, एवढे त्यांचे मत, आणि पाहुणे आले की कपाटावरचे घोडे ते गुपचूप आतल्या खोलीत नेऊन ठेवत. पाहुणे गेल्यावर घोडे परत जागेवर मांडताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत, आणि वहिनीच्या नजरेतून ते सुटत नसे.

त्या वर्षी शहराच्या हस्तकला प्रदर्शनात तिच्या घोड्याला जागा मिळाली होती. आजवर ‘खेळणी घेत नाही’ म्हणून तिला दारातूनच परत पाठवले जाई. या खेपेला निवड करणाऱ्या आयोजक बाईंनी तिचा एक तट्टू उचलून खिडकीच्या उजेडात नेला, बराच वेळ खाली ठेवला नाही, आणि मग नवा करून आणा, मधले टेबल देते, असे सांगितले. त्या टेबलावर उभा राहील तो घोडा तिने मनात केव्हाच पाहिला होता. राखाडी, अंगावर पावसाळी ढगांसारखे ठिपके, मान वाऱ्यात वळलेली. नावही ठरले होते: वावटळ.

त्या आयाळीला तिला तो जन्माचा पांढरा हवा होता.

*

गजवाल्याचे दुकान (वहिनीने त्याचे हेच नाव पाडले) एका उताराच्या गल्लीत होते. आत राळेचा आणि लाखेचा वास, भिंतीवर ओळीने टांगलेले गज, आणि कोपऱ्यात काचेचे एक उभे कपाट. वॉर्निश दिलेली वाद्ये धूळ न बसता वाळावीत म्हणून. त्याने तिच्यासाठी केसांचे कापलेले तुकडे जपून ठेवले होते. ते तिच्या हातात देताना तो असा उभा होता, की जणू मोत्यांची माळ देत होता.

तिने एक केस बोटावर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. तो तारेसारखा ताठ उभा राहिला.

“नाही चालायचा,” ती म्हणाली.

“नाही चालायचा?” त्याचा आवाज किंचित चढला. “खऱ्या घोड्याचा आहे.”

“म्हणूनच. खऱ्या घोड्याला शोभतो. माझ्या घोड्याच्या मानेवर हा केरसुणीसारखा उभा राहील.”

त्याच्या दुकानात येऊन त्याच्याच केसांना केरसुणी म्हणणारी ही पहिलीच. तो रागावला आहे, हे तिला दिसले; आणि राग आला तरी तो तिचे म्हणणे तपासून पाहण्यासाठी स्वतः एक केस बोटावर गुंडाळतो आहे, हेही दिसले. थोड्या वेळाने त्याने मान हलवली. “खरं आहे,” तो म्हणाला. “पण हे गोड बोलूनही सांगता आलं असतं.”

“मग तुम्ही तपासून पाहिलं नसतंत.”

त्या दिवसापासून ती प्रयोगशाळेतून सुटली की उताराच्या गल्लीने घरी जाऊ लागली. ती वाट लांबची होती, हे वहिनीने दोनदा निदर्शनास आणून दिले. आयाळीसाठी तिने शेवटी बकरीची तलम लोकर निवडली, आणि तो जन्माचा पांढरा चहाच्या फिक्या पाण्यात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून स्वतः साधला. शेपटीची गोष्ट वेगळी. ती इतके दिवस आतून लोखंडी चकती लावून शेपूट बसवत असे, आणि दमट हवेत चकती गंजून केसांवर तांबूस डाग पडत. त्याने गजाला मारायची गाठ तिला शिकवली: मेणाचा दोरा, तीन फेरे, वर वितळलेली राळ. शिकवताना त्याने तिच्या बोटांना हात लावला नाही. शेजारी दुसरा झुबका घेऊन आपली गाठ आपण मारली. तिला ते फार आवडले, आणि थोडे आवडलेही नाही.

बदल्यात तिने त्याला रंग दिला. एका व्हायोलिनच्या पोटावर ओरखडा होता, आणि त्याला तपकिरी जुळत नव्हता. तिने पाहिले आणि यात हिरव्याचा थेंब हवा म्हणून सांगितले. तपकिरीत हिरवा कुठून आला, म्हणून तो हसला. मग त्याने थेंब टाकला. ओरखडा कुठे होता, ते नंतर त्यालाच सापडेना.

“दात बनवणाऱ्यांच्या नादी लागू नये,” तो म्हणाला.

“लागलात की.”

“लागलो खरा...” तो म्हणाला, आणि हातातल्या फडक्याने मघाच पुसलेला गज पुन्हा पुसू लागला.

*

प्रदर्शनाला थोडेच दिवस उरले तेव्हा वावटळ पुरी झाली. ठिपके एकावर एक सात-आठ पातळ थरांतून उमटले होते. जवळून पाहिले तर धुके, लांबून पाहिले तर घोडा. घरात वहिनीने गाद्या झाडायला काढल्या होत्या, म्हणून शेवटचा थर वाळेपर्यंत तिने तो त्याच्या काचेच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेईन, असे सांगून ती गेली. जाताना तिने दारातून मागे वळून एकदा घोड्याकडे पाहिले आणि एकदा त्याच्याकडे. दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि त्या भावाने गजवाल्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा होता. चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा आनंद. त्याने कपाट उघडले.

वावटळ चमकत होती. धुके गेले होते. त्याच्या जागी काचेसारखी, ओली, मधाळ झळाळी. वाद्यांच्या कारागिराने घोड्याला आपल्या आजोबांच्या कृतीचे वॉर्निश दिले होते, एखाद्याच उत्तम व्हायोलिनला देत असे ते.

तिने बोट टेकवले. बोट चिकटले. काढल्यावर तिच्या बोटाचे सगळे वळसे घोड्याच्या पाठीवर उमटलेले दिसले.

“अजून ओलं आहे,” तो म्हणाला. “दोन दिवसांत वाळेल.”

“दोन वर्षांत वाळणार नाही.” तिचा आवाज अगदी शांत होता. “लाकूड नाही हे. मऊ प्लास्टिक आहे. याच्यावर तुमचं वॉर्निश कायम असंच राहतं. चिकट.”

आयाळीची मुळेही त्या चिकट रसात बसली होती. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. आपण पुसू, आपण खरवडू, आपण काहीतरी करू, असे तो बोलत राहिला. तिने घोडा रुमालात घेतला.

“तुम्हाला तो अपुरा वाटला,” ती म्हणाली.

“नाही. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं त्याला द्यावंसं वाटलं.”

“मला विचारायचं होतं मग.” रुमालाची गाठ मारताना तिची बोटे प्रथमच चुकली. “घरी सगळ्यांना वाटतं, मी करते ते पोरखेळ आहे. तुम्हाला तसं वाटत नाही, असं मी धरून चालले होते. पण माझ्या कामावर न विचारता हात फिरवावा, इतकं ते तुम्हालाही हलकंच वाटलं.”

तो तिचे म्हणणे तपासून पाहत होता. तो तपासून संपेपर्यंत ती उतार उतरून गेली होती.

*

घरी येताच स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने वावटळ पुसायला घेतली. वॉर्निश निघाले, त्याबरोबर ठिपकेही निघाले. आयाळ मुळापासून कापावी लागली. शेवटी टेबलावर उरला तो कारखान्यात रंग-केस चढण्याआधीचा, कोराकरकरीत, टकला घोडा.

वहिनी भाजी निवडत सगळे ऐकून घेत होती. आयोजक बाईंना कळवून टाक, असे तिने आधी सुचवले. मग त्या मेल्या गजवाल्याला चार शब्द सुनवायला मी येते, असेही. दोन्हींना तिने नकारार्थी मान हलवली तेव्हा वहिनीने निवडलेली भाजी बाजूला ठेवली.

“एक विचारू? पहिल्या दिवशी त्याच्या केसांना हात लावलास, तो विचारून लावला होतास का?”

बोळा फिरवणारा तिचा हात क्षणभर थांबला.

“बाजू नाही घेत मी त्याची,” वहिनी म्हणाली. “तुझ्यासारखाच आहे, एवढंच म्हणते. चांगलं काम दिसलं की तुमच्या दोघांचेही हात डोक्याचं ऐकत नाहीत.”

आतल्या खोलीतून बाबांनी विचारले, की आता त्या प्रदर्शनाचे काय. जायचे नसेल तर बरेच झाले, असा सूर त्यात होता की नव्हता, हे तिला ठरवता आले नाही. मात्र त्या प्रश्नानेच तिचा निश्चय पक्का झाला.

“जाणार आहे,” तिने हाक घातल्यासारखे सांगितले. “हाच घेऊन जाणार आहे. तिथे बसून रंगवीन.”

आयोजक बाई आधी बिचकल्या, मग त्यांनी होकार दिला. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मधल्या टेबलावर, पूर्ण झालेल्या चादरी, टोपल्या आणि मातीची भांडी यांच्या मधोमध, तिने टकला घोडा ठेवला, दिव्याची मान वाकवली, ब्रश मांडले आणि काम सुरू केले. पहिल्या तासाभरात लोक थबकून, हसून पुढे जात होते. खेळणे दिसते, असे एक बाई म्हणाल्या. तिने मान वर केली नाही. ठिपक्याचा पहिला थर चढला, दुसरा चढला... आणि तिसऱ्याला पाहणाऱ्यांपैकी कुणी पुढे सरकेनासे झाले. टेबलाभोवती दाटी झाली. आपण काय करतो ते लोकांनी नेहमी संपल्यावरच पाहिले होते. होताना पाहायला कुणाला आपण कधी बोलावलेच नव्हते, हे तिच्या तेव्हा लक्षात आले.

दुपारी गर्दीच्या मागे तो दिसला. हातात लोकरीची नवी लड होती, तीही विंचरलेली. तो पुढे घुसला नाही. लोक आपसूक बाजूला होऊन त्याची पाळी येईपर्यंत थांबला, आणि मग टेबलापाशी वाकून हळूच म्हणाला, “बसू का? घोड्याला हात लावणार नाही.”

तिने ब्रश धुतला, पुसला. “केस विंचरून सारखे झुबके करून द्यायचे. एक कमी-जास्त झाला तरी चालणार नाही.”

“ते येतं मला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि पायाने शेजारचे स्टूल त्याच्याकडे सरकवले.

तो विंचरत होता, ती ओवत होती. तिचा हात रिकामा झाला की झुबका तिथे आधीच असे. कुणी विचारले, तुम्ही दोघे मिळून करता का हे, तर तो चटकन म्हणाला, “काम त्यांचं आहे. मी केस विंचरतो.” हे सांगताना त्याच्या आवाजात कमीपणाचा लवलेश नव्हता, उलट मान थोडी ताठच झाली होती. तिने सुई दातात धरली होती म्हणून बरे... नाहीतर तिचे हसू त्याला दिसले असते.

आयाळ अर्ध्यावर आली तेव्हा समोर ओळखीचे बूट येऊन उभे राहिले. तिने वर पाहिले. बाबा. मागे वहिनी, आपण काहीच केले नाही अशा चेहऱ्याने. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नकाशा वाचावा तसे वाकून ते घोड्याच्या मानेकडे पाहू लागले. एकेक भोक, एकेक टाका, आत मारलेली गाठ. बराच वेळ गेला. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की ओढ दोन्ही बाजूंना सारखी कशी ठेवतेस. तिने सांगितले. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात मागून कुणीतरी घोडा नीट दिसावा म्हणून टेबलावर रेलला, आणि बाबा गर्रकन वळले.

“टेबल हलवू नका,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “माझ्या मुलीचं काम चाललंय.”

मग ते तिथेच, टेबलाच्या कोपऱ्याशी, हात मागे बांधून उभे राहिले. वहिनीने खुर्ची आणली तरी बसले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते भोकांमधले अंतर समजावून सांगू लागले. थोडे चुकीचे, पण अतिशय खात्रीने. तिच्या डोळ्यांपुढे आयाळ धूसर झाली. तिने सुई थांबवली, कारण धूसर दिसताना टाका घालायचा नसतो.

शेजारून रुमाल पुढे आला. तिने तो घेतला.

संध्याकाळी दालन रिकामे होऊ लागले. आयाळ पुरी झाली नव्हती. मानेवर मोजके टाके राहिले होते, आणि उद्याचा दिवस हाताशी होता. बाबा आयोजक बाईंना पुलांविषयी काही सांगत दूर गेले होते. तिने सुईत झुबका ओवला आणि ती सुई त्याच्यापुढे धरली.

“हा टाका तू घाल.”

त्या ‘तू’ने तो जागीच थिजला. “मी... घालू?”

“विचारलंस ना? मग घाल.”

त्याने सुई घेतली, पण टाका घातला नाही. “विचारायचंच आहे तर आणखी एक विचारून घेतो,” तो म्हणाला. शब्द तो एकेक करून तपासून ठेवत होता. “मला या कामाच्या शेजारी बसायचं आहे. उद्याही, नंतरही. रोज. काम तुझं, माझं माझं... पण घर एक. चालेल का?”

दालनातले दिवे एका बाजूने मालवले जात होते. ती घोड्याकडे पाहत होती, आणि हसू लपवायला आता तिच्या दातांत सुई नव्हती.

“चालेल,” ती म्हणाली. “पण माझ्या घोड्याला हात लावण्याआधी दर वेळी विचारायचं.”

“आणि तुझ्या हाताला लावायचा असेल तर?”

“तेव्हाही विचारायचं.” मग थोडे थांबून, “मी बहुतेक वेळा हो म्हणेन.”

त्याने विचारले. तिने हो म्हटले. रंगाने करडी झालेली तिची बोटे काही क्षण त्याच्या हातात राहिली. मग तिनेच ती सोडवून घेतली आणि घोड्याकडे बोट दाखवले. त्याने श्वास रोखला, सुई भोकात घातली, आतून गाठ मारली आणि झुबका ओढला. मग मोठ्या अभिमानाने तिच्याकडे पाहिले.

तिने दिवा जवळ ओढला, डोळा बारीक केला.

“तिरका पडलाय,” ती म्हणाली. “काढ. पुन्हा घाल.”

आणि आयुष्यात कधी कुणाच्या सांगण्यावरून आपले काम न उसवलेल्या त्या गजवाल्याने हसत हसत टाका काढला, झुबका नव्याने विंचरला, आणि पुन्हा घालायला घेतला.